उपवासकाळातील फुले: वेदी मोकळी, परस बहरलेले



राखेच्या बुधवारपासून आपल्या चर्चची वेदी फुलांवाचून असते. हा केवळ आपल्या गावचा रिवाज नव्हे. उपवासकाळात वेदीला फुलांची सजावट करू नये, असा नियमच रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत दिलेला आहे. त्याला अपवाद थोडे: उपवासकाळाचा चौथा, म्हणजे आनंदाचा रविवार, आणि मधे येणारे मोठे सण. १९ मार्चचा संत जोसेफचा सण व २५ मार्चचा देवदूताच्या संदेशाचा सण हे त्यांत येतात. एरवी वेदी मोकळी, आणि मन आत वळलेले, अशी ही चाळीस दिवसांची शिस्त आहे.

निसर्गाची शिस्त मात्र नेमकी उलटी दिसते. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. म्हणजे उपवासकाळ दरवर्षी आपल्या वसंतातच पडतो. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत पावसाने पाठ फिरवून चार-पाच महिने झालेले असतात, विहिरीचे पाणी खाली गेलेले असते, हवा दमट आणि जड झालेली असते, आणि अशा वेळी झाडे फुलतात. पांगाऱ्याच्या अंगावर पान नसते, पण फांदी लाल होते. चाफ्याच्या ठुंठ्यावर फुलांचे घोस येतात. काजूला मोहोर असतो, शेवग्याला तुरे असतात. ही उधळपट्टी नव्हे. पाने झडून गेल्यावर फूल माशीला आणि पाखराला दुरून दिसते. आणि आता धरलेले बी जूनपर्यंत पिकून पडले की त्याला पहिल्या पावसाची ओल मिळते. झाडाचा हिशेब पक्का असतो.

या पानावर आम्ही एरवी खताविषयी, गुरांच्या रोगांविषयी आणि लेकरांच्या आरोग्याविषयी लिहितो. आज फुलांविषयी लिहीत आहोत, तेव्हा कुणी म्हणेल की फादरांना शेतकऱ्याच्या पोटापेक्षा बागेची हौस अधिक. म्हणून आमचे म्हणणे आधीच स्पष्ट सांगतो. परसातली वसंतात फुलणारी झाडे ही हौस नसून शेतीचा एक भाग आहेत. ती गेली तर काजूच्या आणि भाजीच्या फळधारणेला धक्का बसतो. आणि ती आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत.

फूल आणि फळ यांच्या मधली माशी

काजूचा मोहोर जवळून पाहा. एका तुऱ्यावर शेकडो फुले असतात. त्यांतली बहुतेक नर, थोडी द्विलिंगी. आणि बोंडू-बी धरते ते या थोड्यांनाच. काजूचा पराग चिकट असतो, तो वाऱ्याने फारसा उडत नाही; तो नेऊन पोचवायला कीटक लागतो. भोपळ्याची तीच गोष्ट. त्याची नर-मादी फुले वेगवेगळी असतात, पहाटे उमलतात आणि दुपारच्या आधी मिटतात. तेवढ्या वेळात माशी आली नाही, तर मादी फुलाखालची कोवळी फळी पिवळी पडून गळते. आपण म्हणतो, खत कमी पडले किंवा दृष्ट लागली. पुष्कळदा खरे कारण एवढेच असते की माशी आली नाही.

हे काम करणाऱ्या आपल्याकडे मुख्यतः तिघी. ढोलीत किंवा पेटीत राहणारी सातेरी मधमाशी. जुन्या जांभ्या दगडाच्या भिंतीतल्या भोकात राहणारी, डंख नसलेली बारीक काळी माशी. आणि लाकूड कोरणारा मोठा काळा भुंगा. यांतली बारीक माशी घरापासून काही शे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. म्हणजे तिचे सारे जग म्हणजे तुमचे परस आणि शेजाऱ्याचे परस. तिथे अन्न नसेल, तर तिला दुसरीकडे जायला वाट नाही.

आता असे पाहा. काजूचा मोहोर तीन-चार महिन्यांचा. तो संपल्यावर माशीने खायचे काय? जूनपासून तर पाऊस तिला बाहेर पडू देत नाही. वसंतात साठविलेल्या मधावरच तिला पावसाळा काढायचा असतो. ज्या गावात फेब्रुवारी ते मे या काळात एकामागून एक काही तरी फुलत राहते, तिथे माशी टिकते. आणि पुढच्या मोहोराला ती हजर असते. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या रोगाने दक्षिण भारतातील सातेरी माश्यांच्या वसाहती फार मोठ्या प्रमाणावर मेल्या होत्या. रोगाला आपण रोखू शकत नाही. उपासमारीला मात्र रोखू शकतो.

महिन्यांची साखळी

म्हणून आमची सूचना अशी की, फुलझाड निवडताना केवळ रंग पाहू नये. ते कोणत्या महिन्यात फुलते ते पाहावे, आणि साखळीतला कोणता दुवा आपल्या परसात नाही ते ओळखावे.

पहिला दुवा गिरिपुष्पाचा. जानेवारी ते मार्च याला गुलाबी-पांढरा बहर येतो. याची फांदी कुंपणाला रोवली की लागते. पाला नारळाच्या आळ्यात आणि भाताच्या शेतात उत्तम हिरवे खत होतो. याच्या बिया आणि साल विषारी. उंदीर मारायला त्यांचा उपयोग करतात, म्हणून याला उंदीरमारी असेही नाव आहे. तारेच्या कुंपणाऐवजी हे जिवंत कुंपण केले, तर कुंपण, खत आणि माशीचे अन्न ही तिन्ही एका खर्चात साधतात. शेवगाही याच सुमारास फुलतो. शेवग्याचे निराळे कौतुक करण्याची गरज नाही. फूल, शेंग आणि पाला तिन्ही खाण्याचे, आणि अशक्त बाळंतिणीला व वाढत्या मुलाला पाल्याची भाजी फार चांगली.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा. त्यावर साळुंक्या आणि शिंजिर येतात. त्याच्या बुंध्यावर मिरवेल चढविता येतो. मार्चच्या आगेमागे सुरंगी. वेंगुर्ल्यापासून म्हापशापर्यंतच्या बाजारात या दिवसांत सुरंगीचे वळेसर येतात, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. याची फुले फांदीच्या लाकडालाच चिकटून येतात आणि सुकली तरी वास सोडत नाहीत. झाड सावकाश वाढते. आज लावणाऱ्याने नातवासाठी लावावे. परंतु ज्याच्या भाटात जुनी सुरंगी उभी आहे, त्याने ती लाकडासाठी तोडणे म्हणजे दुभती गाय खाटकाला देण्यासारखे आहे. सीताअशोकही याच काळात केशरी-तांबडा फुलतो. शाळेच्या कुंपणाला उंच सरळ वाढणारा जो अशोक असतो तो हा नव्हे; हा सावलीत आणि ओलाव्यात, विहिरीच्या काठी चांगला वाढतो. सालीच्या लोभाने रानातला सीताअशोक दुर्मिळ झाला आहे, म्हणून परसात त्याला जागा देणे हे पुण्याचे काम समजावे.

मार्च-एप्रिलमध्ये जांभळाला बारीक पांढरा मोहोर येतो, आणि सबंध झाड माश्यांनी गुणगुणत राहते. एप्रिल-मेमध्ये करंज आणि बहावा. बहाव्याच्या पिवळ्या झुंबरांवर काळा भुंगा हटकून असतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी असलेला कढीपत्ताही याच दिवसांत फुलतो. त्याचे सगळे शेंडे खुडून न टाकता एखाद-दुसरा तुरा फुलू द्यावा. नारळ तर बारमाही. त्याची पोय उमलली की परागाची ददात नाही.

ही सगळी झाडे एका परसात मावणार नाहीत, हे आम्ही जाणतो. मावण्याची गरजही नाही. एका वाड्यात दहा घरे असतील, तर प्रत्येक घराने एकेक दुवा सांभाळावा. साखळी वाड्याची होते, एका घराची नव्हे.

बायकांचा वाफा

या मोठ्या झाडांखेरीज आपल्या भगिनींचा एक लहानसा वाफा असतो: अबोली, मोगरा, जाई, जुई. त्यांच्याविषयी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

मोगऱ्याला पूर्ण ऊन हवे. डिसेंबर-जानेवारीत त्याची छाटणी करावी, सुकी व रोगट काटकी काढून टाकावी, आळे उकरून कुजलेले शेणखत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. नव्या फुटीलाच कळी येते. न छाटलेला मोगरा पानांनी माजतो आणि फुलांना मागे सरतो. अबोलीला थोडी सावली चालते. गावठी अबोलीच्या सुकलेल्या बोंडाला पाणी लागले की ते तडकून बी दूर उडते, म्हणून बी हवे असेल तर पावसाआधीच बोंडे काढून ठेवावीत. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमींमुळे गाठी धरतात. वाफ्यात मधून मधून झेंडू लावला आणि दर दोन-तीन वर्षांनी वाफ्याची जागा बदलली, तर त्रास कमी होतो.

चाफा आणि बोगनवेल हीही या दमट उन्हाळ्यात जोमाने फुलणारी. चाफ्याची फांदी कापली की आठवडाभर सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, मगच लावावी. लगेच लावली तर कुजते. त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. मात्र एक लक्षात ठेवा: चाफ्याच्या फुलात मध नसतो, नुसत्या वासावर तो पतंगांना चकवितो. बोगनवेलीचा रंगही पानांचा, फूल आतले इवलेसे पांढरे. शोभेला ही झाडे अवश्य असावीत, पण माशीचे पोट त्यांच्यावर भरत नाही. परदेशी झाड म्हणून त्यांना नाके मुरडायची गरज नाही. आपला काजूसुद्धा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला.

कण्हेरीविषयी मात्र सावध करणे हे आमचे कर्तव्य आहे. लाल-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर या दोहोंचे सर्व भाग विषारी आहेत. पिवळीची बी तर फार घातक. लहान मुलांच्या घरी ती लावू नये, असलेलीची फळे वेचून जाळावीत नव्हे, तर खोल पुरावीत, आणि काटक्या चुलीत घालू नयेत. मुलाने चावून खाल्ल्याचा संशय जरी आला, तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला ताबडतोब आरोग्यकेंद्रात न्यावे, आणि काय खाल्ले ते दाखवायला फांदी बरोबर न्यावी.

लोकांचे आक्षेप

पहिला आक्षेप: पाने फार पडतात. म्हणून कुणी फेब्रुवारीत ती गोळा करून पेटवितात, तर कुणी सगळ्या अंगणाला सिमेंटच्या लाद्या घालून मोकळे होतात. राखेच्या बुधवारी कपाळावर लावायला चिमूटभर राख पुरते. परसातल्या सगळ्या पाल्याची राख करायला प्रभूने सांगितलेले नाही. त्या धुराने दम्याच्या म्हाताऱ्यांचे आणि बालकांचे हाल होतात. तोच पाला मोगऱ्याच्या व नारळाच्या आळ्यात पसरला, तर ओल टिकते आणि पाणी कमी लागते. लाद्या घातलेले अंगण उन्हात तापते, आणि पावसाचे पाणी विहिरीकडे न मुरता रस्त्यावर धावते. परदेशी नोकरीला गेलेल्या मुलांनी पाठविलेल्या पैशाने घर नेटके करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण गाडी वळण्यापुरत्या लाद्या घाला, बाकीची माती मोकळी राहू द्या.

दुसरा आक्षेप: झाडी आली की साप येतो. साप उंदरांच्या मागे येतो, फुलांच्या मागे नव्हे. भिंतीलगतची दोन-तीन मीटर जागा झाडून साफ ठेवावी, लाकडांचा व दगडांचा ढीग दारापासून दूर ठेवावा, धान्य झाकून ठेवावे, आणि रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यावी. तेवढ्याने भीती पुष्कळ कमी होते.

तिसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो सर्वांत खरा आहे. एप्रिलमध्ये विहिरीला माणसांपुरतेच पाणी असेल, तर झाडाला कोठून घालणार? म्हणून मोठी झाडे जूनच्या पावसावर लावावीत आणि पहिले दोन उन्हाळे तेवढी जगवावीत. पुढे गिरिपुष्प, बहावा, करंज आपले आपण पाहतात. वाफ्याला तांदूळ-भाजी धुतलेले पाणी पुरते. कुंड्यांखालच्या बशा मात्र आठवड्यातून एकदा तरी ओतून घासाव्यात, नाहीतर त्यांत डेंग्यूचे डास वाढतात. माश्यांसाठी उथळ परळात खडे घालून पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे.

फवारणी

आता जे सर्वांत कठीण आहे ते बोलतो. काजूच्या मोहोरावर ढेकण्या पडला की कोवळे शेंडे व तुरे काळे पडून सुकतात, आणि वर्षाची कमाई हातची जाते. त्या शेतकऱ्याला फवारू नको म्हणणे सोपे आहे; त्याचे देणे आम्ही फेडणार नाही. तरी भर सकाळी उमललेल्या मोहोरावर औषध मारणे म्हणजे ढेकण्याबरोबर फळ धरविणाऱ्या मजुरालाही मारणे होय. विभागीय कृषी कार्यालयात विचारून, पालवी फुटताना व मोहोर उमलण्याआधी लक्ष ठेवावे. फवारावेच लागले तर सांगितलेल्याच मात्रेत आणि संध्याकाळी, माश्या परतल्यावर फवारावे. शेजाऱ्याकडे मधाची पेटी असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगावे. पाने शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या ढेकण्याला आवर घालतात. त्या चावतात म्हणून त्यांची सगळी घरटी जाळू नयेत. फवारणाऱ्याने नाक-तोंड बांधावे, अंगभर कपडे घालावेत, मधे विडी ओढू नये, आणि काम संपल्यावर साबणाने आंघोळ केल्याशिवाय लेकराला उचलून घेऊ नये. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल भरू नये.

पेटी ठेवणाऱ्यांच्या घरी मध असतो, म्हणून जाता जाता सांगतो: वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. मोठ्यांना गुणकारी असलेला मध त्या वयाला धोक्याचा ठरू शकतो.

वेदी आणि परस

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. घर म्हटले की त्याला परस आलेच. संत आंब्रोज, ज्यांचा सण ७ डिसेंबरला येतो, ते मधमाश्या पाळणाऱ्यांचे आश्रयदाते मानले जातात. आणि ईस्टरच्या आदल्या रात्री, पास्का मेणबत्ती पेटल्यावर जे प्राचीन स्तुतिगान गायिले जाते, त्याच्या लॅटिन पाठात मेणबत्तीबरोबर मधमाश्यांच्या श्रमाचाही उल्लेख आहे. वर्षातल्या सर्वांत पवित्र रात्री ख्रिस्तसभा एका माशीचे ऋण मान्य करते. तिच्या मोहोरावर दिवसा विष मारून रात्री ते गान ऐकणे आम्हांला शोभत नाही.

म्हणून उपवासकाळाचा नियम परसापर्यंत न्यावा, असे आमचे मत आहे. या चाळीस दिवसांत वेदीला फूल नको आहे. मग फूल झाडावरच राहू द्यावे, ज्याचे त्याला मिळू द्यावे. आपण न घेतलेल्या वस्तूवर दुसऱ्याचे पोट भरले, तरच तो खरा उपवास.

आणि ईस्टरला? तेव्हा वेदी पुन्हा फुलांनी सजेल. परंतु ती फुले प्लास्टिकची नसावीत, आणि दूरच्या शहरातून खोक्यात आलेली महागडी फुलेच पाहिजेत असाही हट्ट नसावा. सजावट बेताची असावी, फुले वेदीच्या सभोवती असावीत, चर्चमधले साहित्य अस्सल असावे, हा मिस्साग्रंथाचाच आग्रह आहे. एकेका घरून मूठभर अबोली, ओंजळभर मोगरा, बहाव्याचे एक झुंबर आले, तर सबंध गावाचे परस वेदीपाशी आले असे होईल. एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांतल्या खुरसांपुढे लादाईन होते. तिथेही मागच्या वर्षीची धुळकट प्लास्टिकची माळ धुऊन पुन्हा घालण्याऐवजी दारची चार फुले पुरेत.

यंदा पहिल्या पावसाला ज्यांना गिरिपुष्पाच्या फांद्या, शेवग्याच्या काठ्या किंवा अबोलीचे बी हवे असेल, त्यांनी मिस्सानंतर आपसांत विचारावे. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते विकत न देता द्यावे. शेजाऱ्याच्या कुंपणाला रोवलेली फांदी पुढच्या उपवासकाळात तुमच्या काजूसाठी माशी राखील.

प्रभू तुमच्या शेताला, परसाला आणि घरातील सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचे धर्मगुरू